तुमची सितारा

डब्याचं झाकण टण्णकन उडालं आणि मला वाटलं, सगळं घर जागं झालं.

पहाटेची, फजरची नमाज होऊन गेली होती. पुरुष पुन्हा आडवे झाले होते. तांदळाचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकण घट्ट बसलं की उघडताना असाच ओरडायचा. मी दोन्ही हातांनी झाकण धरून तशीच उभी राहिले.

पडद्यापलीकडून हजराभाभीचा आवाज आला, "कोण गो? जैतून?"

"मीच, भाभी. तांदूळ काढतेय, सोबत न्यायला."

"दोन शेर घे. समुद्रावर भूक लागते माणसाला."

दोन शेर मी घेतलेच. पण त्याआधी एक मूठ वेगळी काढून पदराच्या टोकाला बांधली होती. मूठही एकदा भरून भागेना. माझा हात लहान, भाभीचा मोठा. म्हणून वर आणखी चिमूट टाकली, मग आणखी एक. मापात कमी पडले असं नको व्हायला.

तो शुक्रवार होता. रविवारी मुंबईची बोट. रहमानभाय, म्हणजे माझे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ, इथली दोहाची नोकरी सोडून कायमचे गावी चालले होते. त्यांना न्यायला म्हणून भाभी तीन महिन्यांपूर्वी गावाहून आली होती. दोघं जाणार ते माझ्या सिताराला घेऊन. सितारा पाच वर्षांची. तिला सांगितलं होतं, आंबे खायला चाललीस. परत येण्याबद्दल तिने विचारलं नव्हतं. आंबे संपले की माणूस घरी येतो, एवढं तिला ठाऊक होतं.

सिताराच्या आधी माझी दोन मुलं गेली. मुलगा चाळीस दिवसांचा होऊन गेला. मुलगी सहाव्या दिवशी, उद्या नाव ठेवायचं आणि आज ती गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सुईण म्हणाली, हे आपलं म्हणून ठेवू नकोस, विकून टाक. आमच्या खाडीकाठच्या गावांत ही रीत आहे, हिंदूंच्यात आहे तशी आमच्यातही. जिची मुलं जगत नाहीत तिने नाळ कापल्याबरोबर मूल दुसरीला विकायचं. मूठभर तांदळाला. त्या तांदळाची पेज बाळंतिणीने प्यायची. मग मरण दाराशी आलं तर त्याला सांगता येतं, बाबा, इथे माझं काही नाही, हे त्या बाईचं. मौलवीसाहेबांना हे पसंत नव्हतं. पण त्यांच्या सुनेचा मुलगासुद्धा शेजारणीला विकलेला होता.

भाभीला मूल नव्हतं. लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. सुईणीने सितारा तिच्या ओटीत टाकली आणि भाभीने माझ्या हातात मूठभर तांदूळ ठेवले. मला अजून आठवतंय, तिची मूठ उघडता उघडत नव्हती. मी पेज प्याले. सितारा जगली.

मूल पायाने चालायला लागलं की तांदूळ परत करून ते घरी घ्यायचं असतं. ते मी केलं नाही. सितारा चालायला लागली तेव्हा गावात देवीची साथ होती. म्हटलं, साथ जाऊ दे. मग तिला डांग्या खोकला झाला. मग आम्हांला इकडे बोलावणं आलं. बोटीचे आठ दिवस, तीन वर्षांचं पोर, म्हटलं, आधी पोचू दे. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. ज्या दिवशी ती माझी होईल त्याच दिवशी कोणी तरी ऐकेल, असं वाटायचं. भाभी धक्क्यावर सोडायला आली होती, तेव्हा हसत म्हणाली होती, "नेतेस तर ने, पण पोर माझी आहे हं." मीही हसत म्हटलं होतं, "तुमचीच."

सिताराच्या अब्बांशी मी भांडले नव्हते असं नाही. महिनाभर भांडत होते, तेही कुजबुजून. दोन खोल्या, मध्ये पडदा. ते म्हणायचे, "भायने मला इथे आणलं. आता त्याची खुर्ची मला मिळतेय. जन्मात एकदा त्याने काय मागितलं, तर नाय म्हणू?"

"खुर्ची मागितली नव्हती आपण."

"पोर काय परक्यात चाललीय? आपल्याच घरात. आपल्याच गावात. तिथे उर्दू शाळा आहे, दूधदुभतं आहे. इथे काय आहे?"

इथे मी आहे, असं म्हणायला पाहिजे होतं. ते मला नंतर सुचलं, भांडी घासताना.

समुद्रावर जायचं कारण होतं एक कॅलेंडर. अब्बांच्या ऑफिसात पंप विकणाऱ्या कुठल्याशा अमेरिकन कंपनीने पाठवलेलं. वर्ष केव्हाच उलटून गेलं होतं, पण जुलैचं पान आम्ही भिंतीवरून काढलं नव्हतं. त्यावर अमेरिकेतलं समुद्रकाठचं गाव होतं. लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता, वाळूत लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छत्र्या, छत्रीखाली आई, बाप, दोन मुलं आणि एक टोपली. सितारा रोज जेवताना त्या पानासमोर बसायची.

"अम्मा, या गावात कोणी कामाला जात नाय?"

"सुट्टीत गेलीयत ती सगळी."

"त्यांचं घर नाय तिथे?"

"घर दुसरीकडे. हे नुसतं मजेचं गाव."

नुसतं मजेचं गाव असतं, हे तिला फार आवडलं होतं. अब्बांनी कबूल केलं होतं, जायच्या आधी तुला तसला समुद्र दाखवतो. म्हणून ऑफिसची पिकअप मागून आणली. मागे गादी टाकली. गादीवर आम्ही दोघी जावा, सितारा आणि माझ्या मांडीवर वर्षाचा युसुफ. वाटेत थुमामाचा ओसाड माळ, चार शेळ्या, एक विहीर, की पुन्हा माळ. समुद्रकाठचं वक्रा दिसलं तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. गाव मागे ठेवून आम्ही दक्षिणेला आणखी अर्धा मैल गेलो, जिथे कोणीच नव्हतं.

अब्बांनी ऑफिसातून चार लोखंडी सळ्या आणल्या होत्या. त्या वाळूत ठोकून त्यांवर त्यांनी एक चादर ताणली. माझ्या लग्नातली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. पेटीच्या तळाशी होती, कधी काढली ते मला कळलंच नाही.

"घ्या," ते म्हणाले, "अमेरिका!"

सितारा दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत राहिली. मग चादरीखाली शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली.

रहमानभाय गादीवर टेकत म्हणाले, "दिलावर, तुझी अमेरिका डाव्या अंगाला कलते रे."

"तिकडे वाराच तसा असतो, भाय."

"आणि माश्या?"

"माश्या इथल्याच. फॉरेनच्या मागवल्यात, बोटीत आहेत."

रहमानभाय पोट धरून हसले. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, त्यामुळे हसताना ते आवाजाकडे तोंड फिरवायचे. वाईट माणूस नव्हे. माझ्या आजारपणात त्यांनी युसुफचे लंगोट धुतलेत. हे मला कोणी विसरू देत नव्हतं, आणि मलाही विसरता येत नव्हतं.

समुद्र ओसरला होता. इथला समुद्र आमच्या गावच्यासारखा नाही. कितीही आत जा, पाणी घोट्यालाच. लांब लांबपर्यंत पोर चालत जातं आणि बुडत नाही. भाभीने साडी गुडघ्यांपर्यंत खोचली आणि सिताराला घेऊन ती ओल्या वाळूत उतरली. पायाच्या अंगठ्याने वाळू चाचपत चालायची, खाडीत आम्ही तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, शोधतो तशी.

"इथे दाब. लागलं काय?"

"नाय."

"टाच नको गो, बोट. बोटाला डोळा असतो."

"लागलं! मोठी अम्मा, लागलं! हलतंय!"

दोघी वाकल्या. दोघींची ढुंगणं आभाळाकडे. सिताराने एक शिंपला वर काढला आणि एवढी किंचाळली की युसुफ दचकून रडायला लागला. भाभीने तिच्या गालाचा मुका घेतला, चिखलाच्या तोंडानेच.

मी चादरीखाली बसून युसुफला पाजत ते बघत होते. तिथे सितारा सुखात राहील. माझी अडचण हीच होती. भाभी वाईट असती तर मी आरडाओरडा केला असता, दाराला आडवी पडले असते. पण तिच्याकडे दूधभात होता, खाडी होती, वेळ होता. माझ्याकडे एक पदराची गाठ होती.

दुपार चढली तशी दोघी परत आल्या. सितारा दमून चादरीखालच्या गादीवर कलंडली, डोळे मिटले. पुरुष हातपाय धुऊन जुम्म्याच्या नमाजेला वक्र्याच्या मशिदीत गेले. पिकअपचा आवाज लांब गेला आणि नुसता स्टोचा फरफराट राहिला. मी त्यावर पातेलं ठेवलं होतं, आधणाला.

भाभी माझ्याशेजारी येऊन बसली. ओले पाय वाळूत पुसले. मी पदराची गाठ सोडली. बोटांना सुटेना, म्हणून दातांनी सोडली.

"काय ते?"

"तांदूळ," मी म्हटलं. "तुमचे."

मी तिचा हात ओढून त्यात ते ठेवले. तिच्या मोठ्या तळव्यावर ते फारच थोडे दिसायला लागले. मला वाटलं, आणखी आणायला पाहिजे होते. पायलीभर. पोतंभर.

भाभीला लगेच कळलं. ती गावातली बाई, तिला न कळायला काय झालं.

"उशीर केलास, जैतून," ती म्हणाली. रागाने नाही.

"साथ होती, भाभी. मग खोकला. मग—"

"साथ चार महिने होती."

मी पदराचं रिकामं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुझी पत्रं यायची," ती म्हणाली. "मला वाचता येत नाय. मास्तरांकडे घेऊन जायचे, दोन मैल. ते वाचायचे. 'तुमची सितारा आता अरबी बोलते.' 'तुमची सितारा तापाने आजारी आहे, दुवा करा.' 'तुमच्या सिताराला जुने फ्रॉक आखूड झाले.' प्रत्येक पत्रात तुमची. मास्तर एकदा म्हणाले, हजरा, तुला पोर आहे ते आम्हांला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, आहे. दोहाला असते."

"ते मी नजर लागू नये म्हणून लिहायची."

"ठाऊक आहे मला. मला काय समजत नाय?" तिने तळवा जरा मिटला. "पण रात्री ताप चढला की तू कोणाला आई म्हणून पुढे करत होतीस? मला. मरणाच्या तोंडासमोर पाच वर्षं मी उभी होते. तिला ताप आला की तिकडे गावात मी उपाशी राहायचे, पत्र महिन्याने पोचायचं, तोवर ती बरी होऊन खेळतही असायची, आणि मी रोजे धरून बसलेली. आता ती बरी आहे, गुटगुटीत आहे, तर म्हणतेस तांदूळ घ्या?"

"माझी मुलगी आहे ती, भाभी."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं. म्हटलं आणि लगेच मान वळवून सिताराकडे बघितलं, श्वास चालू आहे ना ते. भाभीने माझं बघणं बघितलं. ती हसली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

"मी बेचाळीस वर्षांची झाले," ती म्हणाली. "तुला अल्लाने युसुफ दिला. आणखी देईल. माझ्या मुठीत एकदाच काय ते आलं."

आधण उकळायला लागलं होतं. भाभी उठली. कॅनमधलं पाणी तांब्यात घेतलं, ते तांदूळ तळव्यातच दोनदा धुतले, पाणी निथळू दिलं. पाणी इथे जपून वापरतात. मग पातेल्याचं झाकण उचललं आणि ते आत टाकले. वर माझ्या पिशवीतले दोन शेर धुऊन टाकले आणि उलथन्याने सगळं ढवळलं.

मी बघत होते. क्षणभर माझी मूठ मला ओळखता येत होती. मग नाही.

"मीठ कुठे ठेवलंस?" भाभीने विचारलं.

मी मीठ दिलं.

पुरुष परत येताना वक्र्याच्या कोळ्याकडून हमूर मासा घेऊन आले. अब्बांनी तो सळीला टोचून भाजला, अर्धा जळाला. रहमानभाय म्हणाले, अमेरिकेत असाच खातात. सितारा उठली, केसांत वाळू, आणि भाभीने भाताचा पहिला घास कालवून तिच्या तोंडात घातला. तिने खाल्ला. दुसरा, तिसरा. भूक लागली होती पोरीला. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मीसुद्धा खाल्लं. न खाऊन काय करणार होते?

मग मी भांडी घासायला पाण्याकडे गेले. अब्बा पातेलं धरायला आले, जे ते कधी करत नाहीत. माझ्या पदराच्या चुरगळलेल्या टोकाकडे त्यांनी बघितलं.

"दिलेस?"

त्यांना गाठ दिसली होती, सकाळीच.

"भातात गेले," मी म्हटलं.

ते पातेल्यात वाळू घालून घासत राहिले. पातेलं लखलख झालं तरी घासत राहिले.

"मी भायला विचारलं होतं, पोर इथेच राहू दे काय म्हणून," ते म्हणाले. "मागच्या शुक्रवारी. भाय म्हणाला, माझं काय नाय, तू हजराला सांग. मी तिच्यासमोर गेलो. ती सिताराचा फ्रॉक शिवत होती, प्रवासासाठी. मला नाय सांगवलं गो."

महिनाभर मला वाटत होतं, मी एकटीच आहे. आम्ही दोघं होतो तर. तरी काही फरक पडला नाही.

ऊन कलल्यावर निघालो. सळ्या काढल्या, चादर झटकली. सितारा म्हणाली, "अमेरिका मी घेऊन जाणार." भाभी म्हणाली, "घे, पेटीत जागा आहे." मी नाही म्हटलं नाही. लग्नातली चादर मुलीलाच जायची असते.

पिकअपमध्ये वारा गार लागत होता. त्या चादरीत मी सिताराला गुंडाळून घेतलं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला युसुफ, झोपेत तोंड उघडं. समोर भाभी फळीला टेकून डुलक्या काढत होती. तिच्या पायांना वक्र्याची वाळू तशीच होती. पुढे दोघे भाऊ काही तरी बोलत होते, ऐकू येत नव्हतं. दूर पाण्यावर एका बोटीचा दिवा लागला. आमचीच की दुसरी, कोण जाणे. मोठ्या बोटी इथे लांबच उभ्या राहतात, लाँचने जावं लागतं. सिताराला लाँचमध्ये उतरवताना कोणाचा हात धरायचा, हे मी तिला सांगून ठेवायला हवं होतं. मी ते मनात म्हणून बघत होते. मोठ्या अम्माचा हात धर. घट्ट धर.

सितारा माझ्या कानाशी आली. तोंडाला भाजलेल्या माशाचा वास येत होता.

"अम्मा, मी झोपले नव्हते."

"केव्हा?"

"तुम्ही तांदळाचं बोलत होतात तेव्हा. डोळे नुसते मिटले होते."

मी तिला जवळ ओढलं. पाठीवर हात फिरवत राहिले.

"तू मला मोठ्या अम्माला विकलंस?"

"लटकं लटकं गो. खेळात विकतात तसं."

"का?"

"तू जगावीस म्हणून."

"म्हणजे नाय विकलं असतंस तर मी मेले असते?"

"अल्ला न करो. पण मला भीती वाटली होती, बाय. तुझ्या आधीची दोघं गेली होती ना."

तिने ते नीट ऐकून घेतलं. ती असंच ऐकते, खालचा ओठ दातात धरून. तिला ते पटलं असावं. भाभीच्या पायांकडे बघितलं, मग चादरीच्या एका लाल पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, झालं, आता झोपेल. गाडी खड्ड्यातून उसळली. युसुफ कुरकुरला आणि पुन्हा झोपला. सिताराने मान वाकवून त्याच्याकडे बघितलं.

"युसुफला कोणाला विकलंस?"

"कोणाला नाय."

"कोणालाच नाय?"

"नाय."

ती बराच वेळ त्याच्या पोटाकडे बघत राहिली. ते वर खाली होत होतं.

"मग तो कसा जगला, अम्मा?"